थुंकीच्या डबीचं झाकण

पनवेलजवळच्या करंजाडेत एखाद्या इमारतीत कोणाचा खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, की आशाताई थुंकी तपासायला सांगतात आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकची डबी हातात येते. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतला बेडका काढायचा, डबीत टाकायचा आणि डबी पनवेलला पोचवायची. पर्समध्ये किंवा जेवणाच्या पिशवीत शिरून ती रिक्षाने निघते. रस्त्यातले खड्डे आणि गतिरोधक पाहता ती आडवी होणारच. आडवी होऊनही गळली नाही, याची दखल कोणी घेत नाही. त्या न गळण्यामागे मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांची खटपट आहे, आणि ती बहुतेक सगळी झाकणापाशी झाली आहे.

थुंकीचं भांडं आपल्याला नवं नाही. पानाच्या तबकाबरोबर तस्त आलंच. पितळी, पसरट तोंडाचं, बसल्या जागेवरून नेम धरता येईल असं. ते सांडू नये याची काळजी होती ती बैठकीच्या चादरीसाठी. आतल्या ऐवजाचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि थुंकीकडे बघण्याची नजर पालटली. पुढच्या काही वर्षांत गेओर्ग कॉर्नेट यांनी वाळलेल्या थुंकीच्या धुळीकडे बोट दाखवलं. मग फाल्केनस्टाइन इथल्या क्षयरुग्णालयाचे डॉ. पेटर डेटवायलर यांनी १८८९ मध्ये खिशात मावणारी बाटली पुढे आणली. गडद निळ्या काचेची, वरती स्प्रिंगचं झाकण, आत नरसाळं, म्हणजे बाटली कलंडली तरी आतलं बाहेर येणार नाही. तळ स्क्रूचा, धुण्यासाठी उघडणारा. रुग्णांनी तिला ‘निळा हाइनरिख’ असं लाडाचं नाव दिलं. टोमास मान यांच्या १९२४ च्या ‘मॅजिक माउंटन’ या कादंबरीतही ती रुग्णांच्या खिशात दिसते. माझ्या मते गळती रोखण्याचा पहिला खरा विचार याच बाटलीत झाला. पण तिचंही काम थुंकी बंदिस्त करून पुढे टाकून देण्याचंच होतं.

आजच्या डबीला नेमकं उलटं करायचं असतं: आतलं जसंच्या तसं, नावानिशी, प्रयोगशाळेपर्यंत न्यायचं. भारतात १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहणं हा त्याचा कणा ठरला आणि ही साधी डबी महत्त्वाची झाली. तिचे नियम वाचताना रुग्णाला समोर बसवून ते लिहिल्यासारखे वाटतात. तोंड किमान ३५ मिलिमीटर रुंद, कारण खोकल्याची उबळ आलेल्या माणसाला अरुंद तोंडात नेम साधत नाही. अंग पारदर्शक, म्हणजे आत बेडका आहे की नुसती लाळ, हे न उघडता कळतं. नावाची चिठ्ठी अंगावर, झाकणावर कधीच नाही; प्रयोगशाळेच्या टेबलावर झाकणांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. आणि पदार्थ जळून नष्ट होणारा, कारण वापरलेली डबी धुवायची नसते.

खरी अडचण इथेच सुरू होते. तोंड जितकं रुंद, तितका झाकणाचा घेर मोठा, आणि घेर मोठा की कुठेतरी फट राहण्याची शक्यता जास्त. आटे तिरके बसले तर झाकण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि गळतं. अरुंद तोंडाची नळी घट्ट बंद होते, पण रुग्णाच्या हातून तिची बाहेरची बाजू बरबटते. थोडक्यात, प्रयोगशाळेला नळी हवी आणि रुग्णाला वाटी. क्षयाच्या जीनएक्स्पर्ट चाचणीत तर बेडक्याच्या दुप्पट द्रव डबीत ओतून, झाकण लावून ती जोराने हलवावी लागते. झाकणाची यापेक्षा कडक परीक्षा रिक्षाही घेत नाही.

हा तिढा पुढे डीएनए तपासणीसाठी लाळ गोळा करण्याच्या संचांनी सोडवला. कॅनडातल्या ओटावाच्या डीएनए जीनोटेक कंपनीच्या ‘ओराजीन’ संचात अरुंद नळीवर रुंद नरसाळं बसवलेलं असतं. फेस सोडून २ मिलिलिटर लाळेची रेघ गाठायची आणि झाकण दाबायचं. लाळ टिकवणारा द्रव त्या झाकणातच असतो. झाकण बंद होताच तो खाली उतरतो. नंतर नरसाळं काढून छोटं टोपण लावायचं. डेटवायलरचं नरसाळं इथे परत आलं, फक्त नळीच्या आतून बाहेर!

आपल्या नागपुरात कोविडच्या काळात याहून सोपी वाट निघाली. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतले डॉ. कृष्णा खैरनार आणि सहकाऱ्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची आरटी-पीसीआर पद्धत बसवली. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. नळीतलं मिठाचं पाणी तोंडात घेऊन १५ सेकंद गुळण्या करायच्या आणि त्याच नळीत परत टाकायचं. नाकात काडी नाही, ती घालणारा प्रशिक्षित माणूसही नको. तोंडभर पाणी नळीत सोडणं हे घट्ट बेडका टाकण्यापेक्षा सोपं, म्हणून अरुंद तोंडही चालून गेलं. क्षयासाठी मात्र ही युक्ती डबीची जागा घेत नाही; तिथे छातीतलाच बेडका लागतो.

विमानाने जाणाऱ्या नमुन्यांचे नियम आणखी कडक. आतली नळी किंवा तिच्याभोवतीचं दुसरं भांडं ९५ किलोपास्कल दाब न गळता सोसणारं हवं, मध्ये द्रव शोषणारं काहीतरी हवं, आणि सगळं बांधलेलं खोकं १.२ मीटरवरून पडूनही शाबूत राहायला हवं. करंजाडेच्या शेजारच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तिथून जाणाऱ्या नमुन्यांनाही हेच लागू.

घरातल्या कोणाच्या हाती अशी डबी आली, तर नाव डबीच्या अंगावर आहे ना ते बघा. बेडका मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर काढू द्या. झाकण आधी आट्यावर सरळ बसवा, मग फिरवा, आणि डबी एकदा उलटी धरून बघा. गळली तर लाजू नका. दुसरी मागून घ्या.