अंगणातली शाळा आणि सरकारी तिजोरी



मूल सहा वर्षांचे होऊन पहिलीत बसले, म्हणजे त्याच्या शिक्षणास प्रारंभ झाला, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. त्यापूर्वीची वर्षे खेळण्या-बागडण्याची, त्यांत शासनाने लक्ष घालावे असे काय आहे, असाही प्रश्न कोणी करील. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात सापडते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. (बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे.) अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! शिंपले, बिया, पाने हेच तेथील साहित्य. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. परंतु ध्येयवादी माणसे देशाला पुरतील इतकी कोठून आणावीत? तेथे शासनाचीच तिजोरी हवी.

ती उघडण्यास बराच काळ लागला. १९७४ साली राष्ट्रीय बालक धोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आपल्या राज्यातील आदिवासी धारणी आणि मुंबईची धारावी या आरंभीच्या प्रकल्पांपैकी होत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एकाच अंगणवाडीत देण्याचे ठरले. कल्पना उत्तमच होती. मात्र हा सारा भार जिच्यावर टाकला, त्या सेविकेला वेतन नव्हे, 'मानधन' देण्यात आले. तिला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. त्यात वयाची खालची मर्यादा घातलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला खरा, पण तो सहा ते चौदा या वयासाठी. सहा वर्षांखालील बालकांच्या वाट्याला आले ते केवळ 'शासन प्रयत्न करील' असे आश्वासन.

आहाराची गोष्ट मात्र निराळी घडली. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून आदेश दिले. डिसेंबर २००६ मध्ये देशात किमान १४ लाख अंगणवाड्या उघडण्यास सांगितले. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील चाळीस मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असेही बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील आहार हा बालकाचा कायदेशीर हक्क झाला.

वाचकहो, एकाच अंगणवाडीतील, एकाच मुलाच्या ताटातील घास हा त्याचा हक्क ठरला. त्याच्या हातातील मणी, चित्रे आणि कानांवर पडणारी गोष्ट मात्र प्रयत्नांच्या यादीत राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत सर्वांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याचे ठरविले आहे. धोरण स्वागतार्ह आहे, परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे.

यातून बोध एवढाच, की मागणारा असला तरच तिजोरी उघडते. तेव्हा आपल्या मोहल्ल्यातील अंगणवाडीत आपण स्वतः जावे. मुलाला खाऊ मिळाला का, हे तर विचाराच. पण आज त्याने कोणता खेळ खेळला, कोणती गोष्ट ऐकली, हेही विचारा. सेविकेला मान द्या. आणि अंगणवाडीच नसेल, तर मुले मोजा, अर्ज लिहा, त्याची पोच घ्या. पहिलीच्या वर्गात आमच्यापुढे येऊन बसणारे मूल हे त्या आधीच्या सहा वर्षांचेच फळ असते.