दुसऱ्या जाळीचा दाब : व्हॉल्व्ह रेडिओच्या इतिहासातले एक पान



आपली भेट झाली की "अजून ते रेडिओचे वेड आहे का?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. वेड आहे, आणि ते व्हॉल्व्हचेच आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यातले एक दुर्लक्षित प्रकरण सांगतो.

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर ट्रायोड काढला जाई: तापलेला कॅथोड, समोर प्लेट आणि मधे जाळी. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास ही जाळी बसवली. पण उच्च वारंवारतेला ट्रायोड शिट्टी मारू लागे. प्लेट आणि जाळी यांच्यात नकळत एक छोटा कपॅसिटर तयार होतो. वाढलेला संदेश त्यातून मागे जाळीवर येतो आणि अँप्लिफायर स्वतःच आंदोलने करू लागतो.

उपाय म्हणजे दोघांमध्ये एक आडोसा. जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच दुसऱ्या जाळीची कल्पना मांडली होती. १९२६ च्या आसपास अमेरिकेत आल्बर्ट हल आणि इंग्लंडमध्ये एच. जे. राउंड यांनी ती रेडिओसाठी उपयोगात आणली. हीच स्क्रीन ग्रिड. तिच्यावर स्थिर धन दाब असतो; संदेशापुरती मात्र ती कपॅसिटरमधून जमिनीला जोडलेली असते. तिने शिट्टी थांबवली, पण नवी अडचण आणली. प्लेटवर आदळणारे इलेक्ट्रॉन तिथले आणखी इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते या जाळीकडे ओढले जातात. फिलिप्समध्ये टेलेगेन यांनी १९२६ मध्ये तिसरी जाळी घालून पेंटोड केला. १९३६ मध्ये आरसीएने ६एल६ हा बीम टेट्रोड बाजारात आणला. त्याचाच भाऊ ८०७.

८०७ दुसऱ्या महायुद्धात मोठ्या संख्येने तयार झाला आणि नंतर युद्धातला शिल्लक माल म्हणून जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या हाती स्वस्तात पडला. त्याच्या प्लेटला ६०० व्होल्ट चालतात, स्क्रीनला मात्र ३०० च. सोपा मार्ग म्हणजे प्लेटच्याच पुरवठ्यातून एक रेझिस्टर टाकून स्क्रीनला जोडणे. पण रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतील हे प्रवाहावर ठरते. मोर्सची कळ सुटली की स्क्रीनचा प्रवाह थांबतो आणि दाब थेट ६०० कडे चढतो. बोलताना उलटे होते: आवाज चढला की स्क्रीन जास्त प्रवाह घेते आणि तिचा दाब बसतो. टेट्रोडमध्ये प्लेटचा प्रवाह प्लेटच्या दाबापेक्षा स्क्रीनच्या दाबावरच अधिक अवलंबून असतो. त्यामुळे आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनांवर सांडतो. १९५० च्या दशकात सिंगल साइडबँड रूढ झाल्यावर हा दोष खपेना.

यावर तोडगा होता वायूने भरलेल्या नळीचा. व्हीआर-१५० पेटली की ५ ते ४० मिलिअँपिअरपर्यंत आपल्या टोकांवर सुमारे १५० व्होल्ट धरून ठेवते. अशा दोन नळ्या एकापुढे एक जोडल्या की ३०० होतात. समजा पुरवठा ४०० व्होल्ट आणि ४,००० ओहमचा रेझिस्टर घेतला. त्यावर १०० व्होल्ट पडतात, म्हणजे एकूण २५ मिलिअँपिअर वाहतात. स्क्रीनने १० घेतले तर नळ्यांना १५ उरतात. काहीच घेतले नाही तर सगळे २५ नळ्या पितात. दाब जवळजवळ हलत नाही.

पुढच्या ४सीएक्स२५०बी सारख्या टेट्रोडमध्ये तर काही वेळा स्क्रीनचा प्रवाह उलटा वाहतो. फक्त प्रवाह पुरवणारा रेग्युलेटर इथे हतबल होतो, स्क्रीनचा दाब वाढतो आणि प्लेटचा प्रवाह हाताबाहेर जातो. म्हणून तिथे उलटा प्रवाह पिणारा शंट रेग्युलेटर किंवा कायम भार देणारा रेझिस्टर लागतो. आता ते काम झेनर डायोड आणि मॉसफेट करतात. तत्त्व तेच आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण एवढेच, की ही स्क्रीन स्वतः उपयोगी शक्ती देत नाही. शाळेच्या शिपाईमामांसारखे तिचे काम: घंटा वेळेवर झाली तर कुणी दखल घेत नाही, चुकली तर सगळे वेळापत्रक कोसळते. आज जुने संच दुरुस्त करताना मंद प्रकाशाची ती नळी 'शोभेची' समजून काढतात आणि जागी नुसता रेझिस्टर लावतात. पुन्हा सहज न मिळणारा व्हॉल्व्ह त्यात जातो.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा संच असेल, तर टाकू नका. हात घालण्यापूर्वी वीज काढा, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. प्लेटला दाब नसताना स्क्रीनला कधीही दाब देऊ नका. सगळा प्रवाह तिच्यावरच येऊन ती जळते. आणि तो संच एकदा चालू झाला की नातवंडांना जवळ बसवून ती उजळलेली नळी दाखवा, आणि ती काय करते तेही सांगा.