थोडे रंग, अनेक वांटेकरी

अजिंठ्याचीं चित्रें पाहून आलेला प्रवासी तेथील रंगवैभवाचें वर्णन करतां थकत नाहीं. परंतु त्या चित्रकारांजवळ मूळ रंग किती होते, हें फारच थोडे विचारतात. तांबडी व पिवळी काव, काजळी, पांढरी माती अगर चुना, हिरव्या दगडाची पूड आणि दूरच्या बदकशानांतून येणारा निळा राजावर्त, एवढाच काय तो मुख्य सरंजाम! मोजकें द्रव्य व पुष्कळ हात, हा जुनाच प्रश्न पंधराशें वर्षांनीं संगणकाच्या पडद्यापुढें उभा राहिला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. आडवे ६४० व उभे ४८० ठिपके धरले, तर एकंदर ३,०७,२०० होतात. प्रत्येकाचा तांबडा, हिरवा व निळा अंश निरनिराळा टिपून ठेवावयाचा, तर ९,२१,६०० बाइट स्मृति हवी. आणि १९८० नंतरच्या दशकांत ती फार महाग होती. म्हणून एक तोड निघाली. ठिपक्याजवळ रंग न ठेवतां ० ते २५५ यांपैकीं केवळ एक अंक ठेवावा, व त्या अंकाचा रंग कोणता हें २५६ खान्यांच्या तक्त्यांत पाहावें. येणेंप्रमाणें खर्च सुमारें एक तृतीयांशावर आला.

एकच चित्र असे तोंवर हें ठीक चाललें. पण १९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेंत ‘एक्स विंडो’ पद्धतीचा आरंभ झाला, १९८७ सालीं तिची अकरावी आवृत्ति निघाली, आणि एकाच पडद्यावर अनेक कार्यक्रमांच्या खिडक्या नांदूं लागल्या. खिडक्या अनेक, तक्ता बहुधा एकच! आमच्या परतूरकडील शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. सामाईक विहिरीवर एका भावानें रात्रंदिवस पाणी ओढलें, तर दुसऱ्याचें पीक वाळतें.

यावर दोन मार्ग होते. कांहीं खाने सामाईक ठेवावे, त्यांतील रंग कोणींही वापरावा, परंतु बदलूं नये, हा पहिला. दुसरा मार्ग स्वतःचा निराळा तक्ता करण्याचा. यांत मौज अशी कीं, त्या खिडकीची पाळी येतांच पडद्यावर तिचाच तक्ता लागे, आणि शेजारच्या खिडक्यांतील चित्रांचे रंग क्षणांत भलतेच होत.

१९९० सालच्या ‘विंडोज’च्या तिसऱ्या आवृत्तीनें पाळीचा कायदाच केला. वीस रंग सर्वांसाठीं राखून ठेवले. उरलेल्या २३६ वर पुढील खिडकीचा पहिला हक्क, व मागच्यांनीं जवळात जवळची छटा घेऊन समाधान मानावें. पुढें महाजालावरील चित्रांकरितां तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाच्या सहा-सहा पायऱ्या धरून २१६ रंगांचा ठराविक संच रूढ झाला. बाकीचे चाळीस खाने इतरांस मोकळे राहिले.

कालांतरानें स्मृति स्वस्त झाली, प्रत्येक ठिपक्यास १,६७,७७,२१६ छटांतून स्वतःचा रंग मिळूं लागला, आणि हा तंटा मिटला. तथापि १९८७ सालीं निघालेल्या ‘जीआयएफ’ चित्रांत २५६ खान्यांचा तक्ता अजून नांदत आहे.

रंगांची टंचाई यंत्रानें संपविली. पाण्याची टंचाई तशी संपत नाहीं. म्हणून पाळीची ही शिस्त यंत्रांच्या इतिहासांत जुनी झाली असली, तरी विहिरीच्या कांठीं ती आपणांस रोजच पाळावयाची आहे.