गाडी रिव्हर्स लावायची की सरळ? सेन्सर, कॅमेरा आणि साधं गणित

मागच्या दिवाळीत यवतमाळला घरी रात्री उशिरा पोहोचलो आणि गाडी सरळ अंगणात घातली. सकाळी रिव्हर्स घेत होतो, सेन्सर गप्प. तेवढ्यात काका ओरडले, "थांब रे! मागं पाह्य!" शेजारची चार वर्षांची पोरगी बंपरच्या कोपऱ्याशी खाली बसून रांगोळीच्या पुड्या गोळा करत होती. तेव्हापासून मी गाडी रिव्हर्सच लावतो. का, ते बघूया.

सेन्सर गप्प का राहिला?

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारला रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. तो साधारण ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे १ मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी जवळपास ६ मिलिसेकंदांत परत येतो. पण बंपरच्या खालची वस्तू, बारीक सळई, आवाज शोषणारं कापड किंवा दोन सेन्सरच्या कक्षेबाहेरचा कोपरा त्याला सापडेलच असं नाही.

मग कॅमेरा?

अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या कारमध्ये मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्याचा फायदा नक्कीच होतो. मात्र वाइड-अँगल लेन्समुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते, आणि पावसाळ्यात लेन्सवर चिखल बसला की चित्रच धूसर होतं.

रिव्हर्स लावण्याचे फायदे

- रिव्हर्स कधीतरी घ्यावाच लागतो. आत जाताना रिकामी जागा तुम्ही नुकतीच पाहिलेली असते. बाहेर येताना मात्र मागे चालता रस्ता असतो.
- दोन गाड्यांच्या मधून रिव्हर्स निघताना तुमची नजर गाडीच्या मध्यावर असते. रस्ता दिसेपर्यंत डिकी रस्त्यावर गेलेली असते.
- वळतात ती पुढची चाकं. रिव्हर्समध्ये ती मागून गाडीला दिशा देतात, म्हणून अरुंद जागेत गाडी कमी फेऱ्यांत बसते.

खाणी आणि तेल कंपन्यांमध्ये जगभर 'निघताना पहिली हालचाल पुढेच' असा नियम दिसतो, तो यामुळेच. उलट आपल्या बऱ्याच एसटी स्टँडवर बस फलाटाला तोंड करून लागते. म्हणून निघताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी मारतो. सेन्सर येण्याआधीपासूनची ही सिस्टीम!

सरळ कधी लावायची?

- तिरपे पट्टे आखलेले असतील तर बहुतेक वेळा सरळच. ते त्या दिशेसाठीच आखलेले असतात.
- डिकीत सामान भरायचं असेल आणि मागे भिंत असेल तर.
- ईव्ही चार्जिंगला लावताना पोर्ट बघा. नेक्सॉन ईव्हीचं पोर्ट मागच्या बाजूला आहे, तर एमजी झेडएस ईव्हीचं पुढे. केबल पोचेल तशी गाडी लावा.

थोडक्यात

घरी, गल्लीत, बाजारात रिव्हर्स लावा. लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा, बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. दहा सेकंदही लागत नाहीत. सेन्सर मदतनीस आहे, राखणदार नाही. त्या सकाळी माझ्याकडे सेन्सर होता, पण पोरगी वाचली ती काकांच्या ओरडण्यामुळे.