मायर मायर्सची रिम्मोनीम : शिल्प, धर्मादाय आणि स्मृती

अठराव्या शतकातील न्यूयॉर्कच्या रौप्यकारांत मायर मायर्स (१७२३–१७९५) ह्याचे स्थान कलेच्या इतिहासकारांनी पूर्वीच निश्चित केले आहे. लिव्हिंग्स्टनसारख्या धनाढ्य घराण्यांसाठी त्याच्या कर्मशाळेत तयार झालेली चहाची व कॉफीची पात्रे, मीठदाण्या आणि जाळीदार टोपल्या अमेरिकेतील मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेल्या आहेत. रोकोको शैली त्या भूमीत कशी रुजली हे सांगताना त्यांचा दाखला हमखास दिला जातो. ह्या विपुल निर्मितीच्या तुलनेने त्याने घडविलेली यहुदी उपासनेची उपकरणे संख्येने फारच थोडी आहेत. त्यामुळे त्याच्या चरित्रात ती एखाद्या परिशिष्टाप्रमाणे शेवटी येतात. हा क्रम उलटा करून पाहण्यास सबळ कारण आहे. मायर्स आपल्या समाजाचा रौप्यकार होता, त्याचप्रमाणे त्या समाजाच्या धर्मादाय निधीचा काही काळ प्रमुखही होता. ह्या दोन भूमिका एकत्र वाचल्याखेरीज त्याच्या रिम्मोनीमांचा अर्थ लागत नाही, आणि त्यांच्यावरून एकविसाव्या शतकात जो कलह माजला त्याचाही उलगडा होत नाही.

'रिम्मोनीम' ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ डाळिंबे असा आहे. तोरा म्हणजे मोशेचे पंचग्रंथ चर्मपत्रावर हाताने लिहून दोन लाकडी दंडांभोवती गुंडाळलेले असतात. त्या दंडांच्या वरच्या टोकांवर बसविण्याच्या रौप्यशिखरांना हे नाव आहे. त्यांना लहान लहान घंटिका लोंबत असतात. ग्रंथ मंजूषेतून बाहेर काढून वाचनपीठाकडे नेताना त्यांचा नाद होतो व मंडळी उठून उभी राहते. निर्गम ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात महायाजकाच्या झग्याच्या काठाला डाळिंबे व सोन्याच्या घंटिका लावण्याची आज्ञा आहे. तिचे स्मरण ह्या आकारात आहे. मायर्सच्या रिम्मोनीमांची घडण तीन फुगीर मजल्यांची असून पत्र्यात करवतीने कापलेले जाळीकाम, त्यावर उठवलेली फुलापानांची नक्षी, सोन्याचा मुलामा आणि मजल्यामजल्यावर टांगलेल्या घंटिका असा त्यांचा साज आहे. अशा काही जोड्या न्यूयॉर्क, न्यूपोर्ट आणि फिलाडेल्फिया येथील मंडळींसाठी तयार झाल्या. त्यांतील प्रत्येक टाका खुद्द मायर्सच्या हातचा असेल असे मात्र मानू नये. त्या काळच्या कर्मशाळेत उमेदवार आणि पगारी कारागीर असत. छाप मालकाची असे, हात अनेकांचे असत.

यहुदी उपासनेची चांदी यहुद्यानेच घडवावी हे आज स्वाभाविक वाटते; त्या काळी ते विरळाच होते. जर्मन प्रदेशांतील सोनार-रौप्यकारांच्या श्रेणींत यहुद्यांना प्रवेश नसे. म्हणून फ्रांकफुर्ट किंवा आउग्सबुर्ग येथील सिनेगॉगांची उत्तमोत्तम उपकरणे ख्रिस्ती कारागिरांनी घडविलेली आहेत. लंडनमध्ये आब्राहाम लोपेस द ओलिव्हेरा ह्याच्यासारखा एखादाच यहुदी रौप्यकार आढळतो. न्यूयॉर्कमध्ये अशा श्रेणींचे बंधन नव्हते. मायर्सने १७४६ साली नगराचा 'फ्रीमन' म्हणून नोंद करून घेतली आणि सोनार ह्या नात्याने स्वतंत्र धंदा मांडला. पुढे काही वर्षे बेंजामिन हॉल्स्टेड ह्या ख्रिस्ती रौप्यकाराशी त्याची भागीदारी होती. त्या काळच्या मालावर दोघांच्या आद्याक्षरांची छाप आहे. प्रेस्बिटेरियन चर्चसाठीही त्याने उपासनेची पात्रे करून दिली. वसाहतीत पेढ्या नव्हत्या. गिऱ्हाईक स्पॅनिश नाणी आणून देई, ती वितळवून पात्र होई, आणि अडचणीच्या दिवसांत तेच पात्र पुन्हा नाण्याच्या भावाने मोडता येई. श्रीमंताच्या घरची चांदी ही अशी एक प्रकारची ठेवच होती. रिम्मोनीमांची चांदी ह्या चक्रातून बाहेर पडलेली असते, आणि तिचे वेगळेपण नेमके येथे आहे.

न्यूयॉर्कची 'शेअरिथ इस्राएल' ही मंडळी १६५४ साली आलेल्या यहुद्यांपासून आपला आरंभ मानते. मिल स्ट्रीटवरील तिचे सिनेगॉग १७३० सालचे. तिच्या प्रमुखास 'पार्नास' म्हणत, आणि तिच्या सामाईक कोशाचे नाव होते 'सेदाका'. हा शब्द 'न्याय' ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मराठीत मुसलमानी परंपरेतून परिचित झालेला 'सदका' हा अरबी शब्द त्याचाच सगोत्र होय. ह्या एकाच कोशातून प्रार्थनाप्रमुखाचा पगार, दिव्याचे तेल, निराश्रितांचे अन्नवस्त्र, वाटसरूंचा प्रवासखर्च आणि गरिबांच्या दफनाची व्यवस्था होत असे. कोशात भर पडे ती बव्हंशी तोरावाचनाच्या वेळी. वाचनास पाचारण झालेला गृहस्थ ग्रंथासमोर उभा राहून आपली देणगी जाहीर करी. मृत आप्तांच्या नावे प्रार्थनाही त्याच वेळी होत. म्हणजे ज्या ग्रंथावर रिम्मोनीम झळकत, त्याच्याच सान्निध्यात दान आणि स्मरण ही दोन्ही कर्मे घडत. मायर्स १७५९ व १७७० ह्या वर्षांत पार्नास होता. घंटिका घडविणाऱ्या कर्मशाळेचा धनी आणि त्या घंटिकांच्या नादानंतर जमणाऱ्या द्रव्याचा हिशेब पाहणारा अधिकारी एकच, असा योग इतिहासात क्वचित दिसतो.

त्याच १७५९ साली ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या यहुद्यांनी सिनेगॉग बांधण्यास घेतले आणि न्यूयॉर्ककडे साहाय्याची याचना केली. शेअरिथ इस्राएलने वल्हांडणाच्या सणात वर्गणी गोळा करून सुमारे १४९ पौंड पाठविले. पीटर हॅरिसन ह्या स्थापत्यविशारदाने आखलेली ती वास्तू २ डिसेंबर १७६३ रोजी समर्पित झाली. न्यूपोर्ट त्या वेळी भरभराटीचे बंदर होते. तिमिंगलाच्या मेणाच्या मेणबत्त्या, साखर व मद्य ह्यांबरोबर गुलामांच्या व्यापाराचाही त्या भरभराटीत वाटा होता, आणि मंडळीतील काही प्रमुख व्यापारी त्यापासून अलिप्त नव्हते. रौप्याच्या शुभ्रतेचे वर्णन करताना ही गोष्ट नजरेआड करणे इतिहासकारास शोभणार नाही. मायर्सचे ह्या गावाशी कौटुंबिक नातेही जडले. त्याची बहीण रेचेल ही मोझेस मायकेल हेज ह्या न्यूपोर्टशी संबंध असलेल्या व्यापाऱ्यास दिलेली होती. सुंतेचे विधी करणाऱ्या न्यूपोर्टच्या मोझेस सेशससाठी मायर्सने रौप्याची ढाल व शलाका घडविली. ह्याच सेशसने १७९० साली मंडळीच्या वतीने अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांना लिहिलेले मानपत्र प्रसिद्ध आहे.

स्वातंत्र्ययुद्धाने हे सारे विस्कटले. १७७६ साली ब्रिटिश सेना न्यूयॉर्कजवळ येताच मायर्स कुटुंबासह कनेक्टिकटमधील नॉर्वॉकला गेला. १७७९ च्या जुलैत ब्रिटिशांनी ते गावच जाळले. मोझेसचा भाऊ व शेअरिथ इस्राएलचा प्रार्थनाप्रमुख गेर्शोम मेंडेस सेशस ह्याने तोराग्रंथ बरोबर घेऊन स्ट्रॅटफर्ड व पुढे फिलाडेल्फिया गाठले. पळताना माणसे काय उचलतात ह्यावरून त्यांच्या लेखी कशाची किंमत होती ते कळते. शांततेनंतर परतलेल्या मंडळीने गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन ह्यांना जे मानपत्र दिले, त्यावरील तीन सह्यांपैकी एक मायर्सची आहे. १७८६ साली तो नगरातील सोनार-रौप्यकारांच्या संघाचा अध्यक्ष झाला, १७९५ साली वारला. (पुढच्याच वर्षी, १७९६ मध्ये, सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग उभारले.)

न्यूपोर्टचे बंदर मात्र युद्धानंतर सावरले नाही. यहुदी कुटुंबे एकेक करून निघून गेली व १८२२ साली शेवटचा यहुदी, मोझेस लोपेझ, न्यूयॉर्कला गेला. ग्रंथ शेअरिथ इस्राएलच्या रक्षणाखाली आले. आब्राहाम टूरो (मृत्यू १८२२) व यहुदा टूरो (मृत्यू १८५४) ह्या बंधूंच्या मृत्युपत्रांतील देणग्यांमुळे रिकामी वास्तू टिकली. तिला आज त्यांचेच नाव आहे. १८८३ साली सिनेगॉग पुन्हा नियमितपणे उघडले, परंतु आता तेथे येणारे यहुदी पूर्व यूरोपातून नव्याने आलेले होते. जुन्या मंडळीचे वारस कोण, न्यूयॉर्कचे रक्षणकर्ते की न्यूपोर्टचे उपासक, हा वाद लवकरच उभा राहिला. १९०३ साली तो कराराने मिटविण्यात आला. त्यान्वये न्यूपोर्टच्या 'येशुआत इस्राएल' मंडळीने वास्तू व तिच्यातील साहित्य वार्षिक एक डॉलर भाड्याने शेअरिथ इस्राएलकडून घेतले.

एक शतक लोटले. २०१२ साली येशुआत इस्राएलने मायर्सच्या रिम्मोनीमांची एक जोडी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयास ७४ लाख डॉलरांस विकण्याचे ठरविले. मंडळी लहान, वास्तू जुनी, खर्च मोठा. ह्या रकमेतून कायमचा निधी उभारावा असा हेतू होता. शेअरिथ इस्राएलने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ह्या वादाकडे दोन मंडळींच्या स्वार्थाचा झगडा म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. मिश्नेच्या 'मगिल्ला' प्रकरणात पवित्र वस्तूंच्या विक्रीविषयी एक चढती श्रेणी दिली आहे. सिनेगॉग विकल्यास त्या पैशातून मंजूषा घ्यावी, मंजूषा विकल्यास ग्रंथाची वस्त्रे, वस्त्रे विकल्यास ग्रंथ, आणि ग्रंथ विकल्यास तोरा. उलट दिशेने जाऊ नये. ग्रंथाचा अलंकार विकून भिंती सांभाळणे हा ह्या श्रेणीत उतारच ठरतो. दुसऱ्या बाजूस, ज्या अलंकारासमोर उभे राहण्यास मंडळीच उरणार नाही त्याचे पावित्र्य कोणासाठी, हा न्यूपोर्टचा प्रश्नही सेदाकेच्याच परंपरेतून आलेला होता. मायर्सच्या काळी दान व स्मृती एकमेकींना आधार देत होत्या. आता एकीची किंमत दुसरीने मोजावी लागणार होती.

जिल्हा न्यायाधीश जॉन मॅकॉनेल ह्यांनी २०१६ साली अठराव्या शतकापासूनच्या इतिहासाचा दीर्घ परामर्श घेऊन न्यूपोर्टच्या बाजूने निर्णय दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती डेव्हिड सूटर ह्यांनी लिहिलेल्या निकालपत्राची भूमिका अशी की, धर्मसंस्थांमधील वादात न्यायालयाने धर्माच्या अर्थात शिरू नये. करार, खरेदीखते व अशाच लौकिक कागदांवर विसंबावे. त्या कसोटीवर १९०३ चा एक डॉलरचा भाडेकरार निर्णायक ठरला. १७५९ ची वर्गणी, युद्धातील पलायन, मायर्सचे पार्नासपद ह्यांना त्या हिशेबात जागा नव्हती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि रिम्मोनीमांची मालकी शेअरिथ इस्राएलकडे कायम झाली.