तेहतीस पानांचे पत्र : स्वमग्नतेच्या इतिहासातील आई-वडील

१/ १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातून एका वडिलांनी बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना तेहतीस टंकलिखित पानांचे पत्र धाडले. विषय एकच : त्यांचा पाच वर्षांचा मुलगा आणि त्याच्या वागण्याचे बारीकसारीक तपशील.

२/ १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला. 'ऑटिझम' म्हणजेच स्वमग्नता ही संकल्पना त्यातून रुजली. पहिली नोंद याच मुलाची होती. कॅनर यांनी पत्राची वाखाणणी केली. मात्र तपशिलांचा हा सोस त्यांना झपाटल्यासारखा वाटला.

३/ इतर पालकांतही त्यांना मुलांसारखाच अलिप्तपणा आणि काटेकोरपणा आढळला. साम्याचे निरीक्षण महत्त्वाचे होते. प्रश्न होता तो त्याचा अर्थ लावण्याचा.

४/ आरंभी ही अवस्था जन्मजात मानणाऱ्या कॅनर यांनी १९४९ मध्ये पालकांच्या थंडपणावर भर दिला. यातूनच 'रेफ्रिजरेटर मदर' हा शिक्का रूढ झाला. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस'ने तो घरोघरी पोहोचवला. मुलाला आईपासून दूर ठेवणे हाच उपचार मानला जाऊ लागला.

५/ स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच या मताचे खंडन केले होते. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा पुरावा दिला. साम्य होते ते वारशाचे. त्यात अपराध नव्हता.

६/ १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील ज्यूडी सिंगर यांनी आपली आई, आपण स्वतः आणि आपली मुलगी अशा तीन पिढ्यांत हा धागा ओळखला. मेंदूच्या घडणीतील वैविध्य, अर्थात 'न्यूरोडायव्हर्सिटी', हा त्यांच्या १९९८ च्या प्रबंधाचा विषय होता.

७/ बलस्थानांवर आधारलेले साहाय्य याच जाणिवेतून अर्थपूर्ण ठरते. तोंडी सूचना निसटत असतील, तर त्या लिहून द्याव्यात. गर्दी सोसत नसेल, तर शांत वेळ ठरवून द्यावी. पालकाच्या सूक्ष्म नोंदी मुलाच्या उपचारात वापराव्यात. अडचण नाकारायची नाही. पण तेवढ्यावरून पालकत्व जोखायचेही नाही.

८/ अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. त्याचे कलम २३ सांगते : मुलाच्या वा पालकाच्या अपंगत्वाच्या आधारावर त्यांची ताटातूट करू नये, संगोपनासाठी पालकांना साहाय्य द्यावे. "आईचेच काहीतरी चुकले असेल" हे वाक्य आजही सहज उच्चारले जाते. त्यामागचा इतिहास म्हणूनच ठाऊक असावा.