नागपूरच्या विद्यार्थ्याला ‘पात्र’ कोण ठरवत असे? महाविद्यालयाच्या उंबरठ्याचा इतिहास (थ्रेड)

१/
१८८३ साली नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय सुरू झाले आणि १८८५ मध्ये मॉरिस महाविद्यालय. मात्र त्यांत प्रवेश घेण्यास विद्यार्थी पात्र आहे की नाही, हे ठरे सुमारे हजार किलोमीटर दूर, कलकत्ता विद्यापीठात. मध्य प्रांताला तेव्हा स्वतःचे विद्यापीठच नव्हते.

२/
या परीक्षेला कलकत्त्यात ‘एन्ट्रन्स’ म्हणत, मुंबईत ‘मॅट्रिक’. ‘मॅट्रिक’ म्हणजे शाळेचा शेवट, हा अर्थ पुढे रूढ झाला. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध नोंदवहीशी आहे. विद्यापीठाच्या वहीत नाव चढवण्याची ती परीक्षा होती. घेणारे विद्यापीठ, देणारा मात्र शाळकरी मुलगा.

३/
१८५७ च्या पहिल्या एन्ट्रन्सला कलकत्त्यात २४४ विद्यार्थी बसले, १६२ उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षीच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत मात्र केवळ दोघे पदवीधर झाले, तेही वाढीव गुण देऊन. त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. उंबरठा ओलांडणे आणि आत टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच वर्षी उघड झाले.

४/
खरी अडचण भाषेची होती. आरंभी काही विषयांची उत्तरे देशी भाषांत लिहिण्यास मुभा होती. १८६० च्या दशकारंभी ती आटली. त्यामुळे गणित वा भूगोल येणाऱ्या मुलाचीही परीक्षा प्रथम इंग्रजीचीच होई. ज्याच्या घरी इंग्रजीचा गंध नाही, त्याच्यासाठी हा उंबरठा दुप्पट उंच होता.

५/
मुंबई इलाख्यात हाच प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला. खासगी अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेस बसता येते, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत पदवी परीक्षांनाही द्यावी, अशी मागणी केली. महाविद्यालयाचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी दुसरी वाट असावी, हा त्यामागचा विचार.

६/
१९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यापीठांची कार्यक्षेत्रे आखली गेली आणि नागपूरची महाविद्यालये अलाहाबादकडे गेली. विद्यापीठ बदलले, तरी निकष बाहेरूनच येत राहिले.

७/
१९१७ ते १९१९ या काळात सॅडलर आयोगाने मर्मावर बोट ठेवले. मॅट्रिक होऊन आलेली मुले उच्च शिक्षणास पुरेशी तयार नसतात. इंटरमीजिएटच्या वर्गांत महाविद्यालये प्रत्यक्षात शाळेचेच काम करतात. म्हणून विद्यापीठाची सीमारेषा मॅट्रिकऐवजी इंटरपाशी आखावी, अशी शिफारस झाली.

८/
मध्य प्रांतात १९२२ च्या कायद्याने शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. इंटरचे वर्ग मात्र महाविद्यालयांतच राहिले. म्हणजे मुलांची उणीव भरून काढण्याचे काम महाविद्यालयाकडेच राहिले.

९/
स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपूर विद्यापीठाने मराठी व हिंदी यांना अध्यापनाच्या माध्यमाचे स्थान दिले. चौथ्या मुद्द्यातील अडचण प्रथमच संस्थेने आपल्या अंगावर घेतली. विद्यार्थ्याने भाषा बदलण्याऐवजी वर्गाने बदलावे, असा हा निर्णय होता.

१०/
१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने दहावी झालेल्यांसाठी एक वर्षाचा ‘प्री-युनिव्हर्सिटी’ अभ्यासक्रम सुचवला. महाविद्यालयीन पद्धतीची सवय आणि इंग्रजीची तयारी, हा त्याचा गाभा. आज ज्याला ‘ब्रिज कोर्स’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज. तो वेगळा शिक्का नव्हता. दहावीहून येणाऱ्या सर्वांना तो करावा लागे, म्हणून तो कोणाला कमीपणाचा वाटत नसे.

११/
कोठारी आयोगानंतर १९७० च्या दशकात महाराष्ट्राने १०+२+३ आकृतिबंध स्वीकारला. तयारीची वर्षे अकरावी-बारावीत गेली. अनेक महाविद्यालयांतच ‘कनिष्ठ महाविद्यालय’ भरू लागले. सॅडलर आयोगाने दाखवलेली सीमारेषा कागदावर उमटली, इमारत मात्र तीच राहिली.

१२/
आता केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आहे, शिवाय ठिकठिकाणी ब्रिज कोर्स आहेत. १८८३ पासून नागपूरने तीन विद्यापीठांचे निकष पाहिले. त्या प्रत्येकाने उणीव मोजली. ती भरून काढण्याचा भार कधी शाळेवर, कधी महाविद्यालयावर, आणि बहुतेक वेळा एकट्या विद्यार्थ्यावर पडला. नवी परीक्षा जाहीर झाली की अभ्यासक्रमासोबत हेही विचारावे: नापास होणाऱ्याला पुढचे वर्ष कोण शिकवणार?